विक्रीआधीं घरचा वांटा

बियाणें, खतें, पाणी आणि बाजारभाव यांचा ऊहापोह शेतकीच्या मासिकांतून नेहमीं होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु ज्या कुटुंबासाठीं हा सर्व खटाटोप चालला आहे त्या कुटुंबाच्या ताटांत काय पडतें, हा प्रश्न शेतीबाहेरचा समजून आपण तो बाजूस ठेवीत आलों आहों. आमच्या मतें हा प्रश्न शेतीच्या अगदीं पोटांतला आहे. गोठ्यांतील दूध किती विकावयाचें, कोणतें धान्य पेरावयाचें, पिकलें त्यांतून किती घरीं ठेवावयाचें, हे निर्णय शेताचा मालकच करितो. आणि घरांतील मुलाची वाढ, त्याच्या आईच्या अंगांतील रक्त व आजोबांच्या पायांतील बळ हीं बऱ्याच अंशीं याच निर्णयांवर अवलंबून असतात.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शेतकऱ्यानें घराचा वांटा आधीं काढावा आणि उरेल तें विकावें. हा नियम नवा नाहीं. खळ्यावरून रास घरीं आली कीं वर्षाचें धान्य कणगींत अगर पेवांत पडे, बियाण्याचें वेगळें निघे, आणि मग गाडी बाजारास जुंपली जाई. आज क्रम उलटा झाला आहे. आधीं सर्व विकलें जातें आणि मग विकून आलेल्या पैशांतून दुकानाच्या वाटेनें घराचा वांटा परत येतो. परत येतांना तो पुष्कळदां कमी होऊन, आणि भलत्याच रूपानें येतो.

दुधाचेंच पहा. पहांटे धार निघाली कीं किटली डेअरीवर जाते. घरांत राहतें तें चहापुरतें पावशेर. घरीं दोन गायी, एक म्हैस, आणि मुलगा मात्र काळ्या चहांत बिस्कीट बुडवून शाळेस निघतो, हें दृश्य आमच्या वाचकांपैकीं कोणास अपरिचित असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दुधाचा धंदा या देशांत कमी वाढला असें कोणी म्हणणार नाहीं. १९७० सालीं ऑपरेशन फ्लड या नांवानें जी दुग्धविकासाची मोठी योजना सुरू झाली, तिच्या आणि सहकारी संघांच्या बळावर भारत १९९८ पासून दुधाच्या उत्पादनांत जगांत पहिला आहे. २०२३-२४ सालच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांत माणशीं दररोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध होतें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसास रोज सुमारें ३०० मिलिलिटर दूध अथवा दही सुचविते. म्हणजे हिशेबानें दूध पुरून उरलें पाहिजे. पण सरासरी मोठी फसवी असते. तिच्यांत शहरांतलें पेढे-बर्फीचें दूधही येतें आणि आपल्या मुलाचा रिकामा पेलाही येतो.

दूध विकूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पिकाचा पैसा वर्षांतून एकदां किंवा दोनदां येतो, तोही पावसाच्या आणि भावाच्या मर्जीनें. दुधाचें बिल दर दहा दिवसांनीं हातीं पडतें. किराणा, औषधपाणी, शाळेची फी, मजुरी, सर्व त्यावर चालतें. अवर्षणाच्या वर्षीं कित्येक घरांचा संसार गोठ्यानेंच तारला आहे. तेव्हां प्रश्न दूध विकण्याचा नसून शेवटचा थेंब विकण्याचा आहे.

या शेवटच्या थेंबाचा हिशेब एकदां कागदावर मांडावा. दोन मुलांस सकाळीं पाव लिटर आणि रात्रीं पाव लिटर याप्रमाणें रोज एक लिटर दूध घरीं ठेवलें, तर अलीकडच्या तीस-पस्तीस रुपये भावानें महिन्याला सुमारें हजार रुपये बिलांतून कमी होतील. आंकडा ऐकून कोणीही दचकेल. परंतु त्याच घरांत त्याच दोन मुलांच्या हातीं रोज दहा-दहा रुपयांचे बिस्किटांचे किंवा तळलेल्या कुरकुरीत पदार्थांचे पुडे पडत असतील, तर महिन्याचे सहाशें रुपये दुकानांत जातात. खरा फरक मग चारशेंचा उरतो. पुड्यांत मैदा, साखर, मीठ आणि तेल. पेल्यांत हाडांस चुना आणि स्नायूंस प्रथिन. बैलास पेंड घालतांना आपण असला सौदा कधीं करीत नाहीं. तेथें आपण चांगले हिशेबी असतों.

दूध गेलें तसें ताकही गेलें. घरोघर रवी फिरत असे तेव्हां लोणी निघाल्यावर उरलेलें ताक घरांत, गड्यास आणि शेजारीं वाटलें जाई. ताक विकणें हें पुष्कळ ठिकाणीं कमीपणाचें मानीत. ज्यांच्या घरीं जनावर नाहीं त्यांच्या मुलांसही त्या तांब्याभर ताकांतून थोडेंबहुत पोषण मिळे. ज्या कोणास निरसें दूध पचत नाहीं त्यालाही ताक आणि दही बहुधा सोसतें. सगळें दूध किटलींत गेल्यावर हा शेजारधर्म आपोआपच बंद पडला आणि त्याची नोंद कोणाच्याच वहींत झाली नाहीं.

येथें दोन गोष्टी सांगून ठेवणें अवश्य आहे. धारोष्ण दुधाची महती आपल्याकडे फार सांगतात. परंतु क्षयाचे आणि ब्रूसेला नांवाच्या रोगाचे जंतु जनावराच्या न तापविलेल्या दुधांतून माणसांत येतात, म्हणून मुलांस दूध चांगलें तापवूनच द्यावें. दुसरी गोष्ट तान्ह्या मुलांची. पहिले सहा महिने मुलास आईचें दूधच पुरें; पाणी किंवा घुटी देखील नको. गायी-म्हशीचें दूध हें वर्षाच्या आंतील मुलाचें मुख्य पेय करूं नये.

सहा महिन्यांनंतर मात्र नुसत्या दुधावर मूल वाढत नाहीं. आपल्या रूढींत उष्टावण हा विधि बहुतेक याच सुमारास येतो, आणि आजचें वैद्यकशास्त्रही वरचें अन्न सुरू करण्याचा हाच काळ सांगतें. रूढीनें वेळ अचूक साधली आहे. पण मामाच्या मांडीवर बसून मुलाच्या तोंडांत चांदीच्या वाटींतली खीर एकदां पडली, जेवणावळ झाली, कीं दुसऱ्या दिवसापासून पुन्हां दूध, आणि फार तर दुधांत भिजलेलें बिस्कीट! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरींत सहा महिने ते दोन वर्षें या वयाच्या मुलांपैकीं पुरेसा आणि मिश्र आहार मिळणारीं मुलें देशांत शेंकडा सुमारें अकराच आढळलीं. शेतकऱ्याच्या घरीं त्या मुलास लागणारें सर्व कांहीं असतें. मऊ भात, मुगाचें वरण, त्यावर तूप, नाचणीची पेज, कुस्करलेलें केळें, आणि ज्यांस चालत असेल त्यांच्याकडे अंडें. अडचण असते ती वेळेची. दोन वर्षांच्या आंतील मुलाचें पोट लहान. त्यास दिवसांतून चार-पांच वेळां थोडें थोडें भरवावें लागतें, आणि भरविणारी आई त्या वेळीं खुरपणीवर असते. मालकाची बायको असो किंवा मजुरीण असो, मूल बांधावर झोळींत आहे आणि आईला पात सोडून उठवत नाहीं, अशी स्थिति असेल तर ती मालकानें बदलावयाची आहे. पातीवरून अर्धा तास दोनदां उठल्यानें पीक बुडत नाहीं.

आतां धान्याकडे वळूं. पूर्वीं जोंधळ्याच्या आणि बाजरीच्या रानांत तूर, मूग, उडीद, मटकी, अंबाडी हीं मिश्र पिकें असत. एका शेतांतून भाकरी, कालवण आणि भाजी तिन्ही घरीं येत. हल्लीं मैलोगणती पाहिलें तर एकटा सोयाबीन, नाहीं तर ऊस किंवा कापूस. या पिकांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. त्यांनीं पैसा दिला आहे. परंतु सोयाबीन आपल्या स्वैपाकघरांत शिजत नाहीं. तूर पेरणाराही सगळी तूर बाजारसमितींत घालून येतो आणि महिन्याभरानें दुकानांतून डाळ आणतो. भाव चढले कीं ती डाळ पातळ होत जाते. वरणाचें पाणी वाढतें तें प्रथम मुलांच्या आणि बायांच्या ताटांत.

आपल्या जुन्या आहाराची किंमत एका ब्रिटिश वैद्यानें पारखली होती. मद्रास इलाख्यांतील कुन्नूर येथें १९१८ सालीं सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं बेरीबेरी रोगाच्या शोधासाठीं जें लहानसें काम सुरू केलें, त्याचीच पुढें वाढून आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. या मॅककॅरिसन साहेबांनीं १९२० नंतरच्या दशकांत एकाच जातीच्या उंदरांचे गट करून प्रत्येक गटास हिंदुस्थानांतील एकेका लोकसमूहाचा आहार चारला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत सशक्त निघाले, त्यांच्या मागून पठाणांचे, आणि तिसरा क्रमांक मराठ्यांच्या आहाराचा लागला. सडलेल्या तांदळावर भर असलेला मद्रासी आहार सर्वांत शेवटीं आला. पहिल्या क्रमांकाचें कारण म्हणजे सबंध गव्हाची पोळी, दूधदुभतें, डाळी आणि ताजी भाजी. म्हणजे शेतांत आणि गोठ्यांत होणारेंच सर्व. तिसऱ्या क्रमांकाचें ताट आपलें होतें; आज तोच प्रयोग आपल्या घरांतल्या चहा-बिस्किटांवर केला तर क्रमांक कितवा लागेल, याची आम्हांस शंका आहे.

शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें ६ मिलिग्रॅम लोह असतें, ज्वारींत ४, आणि पांढऱ्या सडलेल्या तांदळांत एक मिलिग्रॅमही नसतें. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. गायीच्या दुधांत त्याच वजनास याच्या सुमारें एक तृतीयांश. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळलें तेव्हां आपल्याकडेही नाचणीच्या बिस्किटांचीं प्रदर्शनें पुष्कळ झालीं. प्रदर्शनांपेक्षां एका बिघ्यांत घरची बाजरी पेरली असती तर अधिक बरें झालें असतें.

लोहाची गोष्ट निघाली म्हणून घरांतल्या बायांविषयीं स्पष्ट लिहिणें आमचें कर्तव्य आहे. वर सांगितलेल्या सर्वेक्षणांतच महाराष्ट्रांत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस आणि सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६९ मुलांस रक्तक्षय आढळला. पुरुषांत हें प्रमाण चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. एकाच घरांत, एकाच चुलीवर, एकाच शेताच्या धान्यावर वाढलेल्या माणसांत एवढें अंतर कां पडावें? बाळंतपण आणि मासिक धर्म हें एक कारण आहेच, आणि तें निसर्गाचें आहे. दुसरें कारण पंगतीचें आहे. पुरुष आधीं जेवतात, मग मुलें, मग सासूबाई, आणि शेवटीं सून तव्याच्या तळाशीं राहिलेलें घेऊन बसते. भाकरी उरते, कालवण उरत नाहीं. मिरचीचा ठेचा आणि भाकरी हेंच तिचें जेवण होतें. त्यावर ती कपभर चहा घेते, आणि चहांतील तुरट द्रव्यें अन्नांतलें लोह अंगीं लागूं देत नाहींत. दिवसभर थकवा येतो, चढण चढतांना धाप लागते, आणि घरांतले म्हणतात, हिच्या अंगांत आळस भरला आहे. गरोदरपणीं रक्त कमी असलेल्या आईचें मूल पुष्कळदां कमी वजनाचें जन्मतें; म्हणजे घरच्या वारसाचा वांटा जन्माच्या आधींच कापला गेलेला असतो.

हें दुरुस्त करण्यास पैसा लागत नाहीं. वाढतांनाच सर्वांचीं ताटें एकदम वाढावीं, किंवा निदान बायांचें कालवण आधीं झाकून ठेवावें. जेवणाबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा घ्यावा, म्हणजे धान्यांतलें लोह अधिक अंगीं लागतें. चहा जेवणापासून तासभर दूर न्यावा. गरोदर बाईस सरकारी दवाखान्यांत लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या कोनाड्यांत पडून न राहतां पोटांत जातात कीं नाहीं, हें विचारण्यास नवऱ्यानें लाजूं नये. म्हैस गाभण असतांना तिच्या खुराकाची विचारपूस आपण दोनदां करितों.

भाजीविषयीं. मृग बरसल्यावर तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा या भाज्या बांधावर आणि पडीक रानांत आपोआप उगवतात. कोणी त्या पेरल्या नाहींत, कोणी विकत घेतल्या नाहींत. आतां तणनाशकाच्या एका फवाऱ्यांत तणाबरोबर त्याही जळून जातात. मजुरीच्या तुटवड्यापुढें तणनाशक सोडा असें सांगणें सोपें नाहीं. परंतु घराजवळच्या बांधावर आणि विहिरीच्या आसपास तें मारूं नये, एवढें तरी कोणासही जमेल. परसांत एक शेवगा, एक हादगा, एक लिंबू, एक पपई, कढीपत्ता आणि मोरीच्या पाण्यावर अळू असलें कीं वर्षभर भाजीची विवंचना अर्धी सरते. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं घरच्या परसांतून गावरान बियाण्यांचा सांठा उभा केला आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. हा मान त्यांनीं वाल, घेवडा आणि भाज्यांचें बी जपलें म्हणून मिळाला आहे. ज्या कामास आपण 'बायकांची परसबाग' म्हणून हंसतों त्याच कामाबद्दल.

वृद्धांची गोष्ट मुलांपासून वेगळी नाहीं. दात गेले, भूक मंदावली, कीं म्हातारा माणूस चहा आणि पाव यांवर येतो. 'आतां आम्हांला काय दूध-तूप करावयाचें, मुलांना द्या' असें तोच म्हणतो, आणि घर तें फार लवकर मान्य करितें. वय वाढतें तसें अंगांतलें मांस झडतें, आणि तें धरून ठेवण्यास प्रथिन व हालचाल दोन्ही लागतात. दुधांत कुस्करलेली भाकरी, मऊ वरण-भात, ताक, उकडलेलें अंडें हें सर्व बिनदांताच्या तोंडासही चालतें. काम तर त्यांच्याकडून काढून घेऊंच नये. शेळी चारणें, बियाणें निवडणें, पाण्याची पाळी सांभाळणें हीं कामें म्हाताऱ्या माणसाला चालतें-फिरतें ठेवतात, आणि घरांत आपलें मत विचारलें जातें या समाधानाचा गुण औषधांत नाहीं. आई-बाप शेतांत असतांना नातवंडांस भरविणारे हात बहुधा आजी-आजोबांचेच असतात. नातवाला दुपारीं वरण-भात भरविणारी आजी स्वतः त्याच्याबरोबर दोन घांस जेवेल अशी तजवीज केली, तर दोन टोंकांच्या दोन पोटांचा प्रश्न एका भांड्यांत सुटतो.

आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, कर्जाचा हप्ता, विजेचें बिल आणि मुलीचें लग्न दारांत उभें असतां ताटाचा विचार कोण करणार? आक्षेप खोटा नाहीं. ज्या घरीं एकच गाय आणि दोन एकर कोरडवाहू आहे, त्याला दुधाचा लिटरही मोजावा लागतो, आणि त्याला उपदेश करण्याची आमची इच्छा नाहीं. पण या मासिकाचे बहुतेक वाचक त्याहून बऱ्या स्थितींतले आहेत. त्यांच्या घरीं ताट रिकामें राहतें तें ऐपतीमुळें नव्हे. घरचा वांटा कोणी मोजतच नाहीं, म्हणून. डेअरीची फॅट मोजली जाते, उसाचें टनेज मोजलें जातें, कापसाची वेचणी किलोवर मोजली जाते. घरांत काय राहिलें याचें माप ज्या बाईस माहीत असतें तिला विचारलें जात नाहीं, आणि बिल तिच्या हातीं येत नाहीं.

म्हणून दूधसंस्थांच्या चालकांस आमची एक सूचना आहे. जनावरांचें शेण-पाणी, चारा आणि धार हें बव्हंशीं बायाच करितात. सभासद म्हणून नांव आणि बँकेंतलें खातें मात्र पुरुषाचें असतें. पुढच्या सर्वसाधारण सभेंत धार काढणाऱ्या बाईचें नांव सभासदांच्या यादींत घेण्याचा ठराव आणावा, आणि बिल तिच्या खात्यावर जमा करावें. किती दूध किटलींत ओतावयाचें आणि किती पातेल्यांत ठेवावयाचें हें मग तीच ठरवील, आणि मुलांच्या पेल्याचा विसर तिला सहसा पडणार नाहीं.

रब्बीची पेरणी तोंडावर आली आहे. हरभऱ्याच्या आणि जोंधळ्याच्या रानाची आंखणी होत असतां घरच्या ताटासाठीं किती काकऱ्या सोडावयाच्या हें ठरविण्यास हीच वेळ आहे. माणशीं रोज ऐंशी ग्रॅम डाळ धरली तर सहा माणसांच्या घरास वर्षाला पावणेदोन क्विंटलच्या आसपास डाळ लागते, आणि भरडतांना टरफल-चुरी जाते ती धरून सव्वादोन-अडीच क्विंटल कडधान्य बाजूस ठेवावें लागतें. त्यांतला हरभऱ्याचा हिस्सा खळ्यावरच वेगळा मापून, चांगला वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठींत टाकावा आणि मग राहिलेल्या पोत्यांचा भाव विचारण्यास बाजारसमितींत जावें.